आमची वाटचाल: आधी लाइन, मग फोन

म्हापशात आम्ही कॉर्डलेस फोनची दुरुस्ती सुरू केली तेव्हा येणारे बहुतेक संच लांब अँटेनाचे, अॅनालॉग असायचे. ट्यूबलाइटच्या चोकची घुरघुरसुद्धा त्यांत ऐकू यायची. मग 2.4 गिगाहर्ट्झचे डिजिटल संच आले. घुरघुर गेली आणि 'आवाज तुटतो' ही नवी तक्रार आली.

आमचा नियम मात्र पहिल्यापासून एकच: फोन उघडण्याआधी लाइन बघायची. कॉर्डलेसचा बेस काढून साधा वायरचा फोन थेट रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या जोडडबीला, लावा. त्यावरही खरखर असेल तर कॉर्डलेसचा काही दोष नाही, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांनी रोझेटमधल्या तांब्यावर हिरवट थर चढतो. पाऊस पडला की खरखर, ऊन पडलं की गायब, असं असेल तर जोडच तपासा. आधी लाइन बाहेरून सोडवा, कारण रिंग आली तर उघड्या तारेचा चांगला झटका बसतो. काळी पडलेली तार 2-3 सेंटीमीटर कापा, चकचकीत तांबं दिसेल इतकी सोला, स्क्रू घट्ट आवळा. नुसतं घासून भागवलं तर पुढच्या पावसात तीच रड.

2005 नंतर ब्रॉडबँड आलं आणि फोनवर सतत 'सूंऽऽ' ऐकू यायला लागलं. कारण बहुधा फिल्टर, म्हणजे एकाच तारेतलं इंटरनेट आणि बोलणं वेगळं करणारी छोटी डबी: तो नसतो, ओल लागून बिघडलेला असतो किंवा उलटा जोडलेला असतो.

आवाज तुटत असेल तर बेस कुठे ठेवलाय ते पाहा. राउटर, मायक्रोवेव्ह आणि फोन 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात बोलतात. बेस राउटरपासून दीड-दोन मीटर दूर न्या, मोबाइल-लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका. जुन्या घरांतल्या जाड चिऱ्याच्या भिंती सिग्नल खातात. बेस घराच्या मधोमध, उंचावर हवा.

सेल 1.2 व्होल्टचे, निकेल-मेटल हायड्राइडचे, दोन्ही एकदमच बदला. घड्याळातले साधे सेल घालू नका, चार्ज होताना ते गळतात.

आता फायबर आलंय. घरातलं जुनं वायरिंग फायबरच्या मोडेमच्या डब्यावरच्या फोन-पोर्टला जोडायचं असेल तर खांबावरून येणारी जुनी तार आधी तोडावी लागते. फायबरची निम्मी खरखर तिथेच सापडते.