फोर बाय फोर मरूदे, आधी हवा बघा

पिकअपवर डबा बसवून कच्छचा किनारा फिरून आलोय हे कळल्यापासून निपाणी असो नायतर खानापूर, चहाच्या टपरीवर प्रश्न एकच, "गाडी फोर बाय फोर आहे काय?" आहे की, चारी चाकांना इंजिनचा जोर मिळतो. खरं त्याचा उपयोग किती झाला विचाराल तर फारच थोडा, आणि जे खरंच कामाला आलं ते म्हणजे टायरची हवा बघायचा गेज नि बॅटरीला लावायचा छोटा कॉम्प्रेसर, दोन्ही मिळून एका टायरच्या किमतीत बसतात. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं, म्हणजे परत कुणी विचारलं की लिंक पाठवायची नि चहा प्यायचा.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेत याला ट्रक कॅम्पर म्हणतात, पिकअपच्या हौद्यात बसवायची राहायची खोलीच ती, आत गादी, शेगडी, पाण्याची टाकी सगळं, चार कोपऱ्यांना चार जॅक असतात, डबा जॅकवर उचलून उभा ठेवायचा नि खालून गाडी काढून बाजारला जायचं. या लोकांची पंढरी म्हणजे मेक्सिकोतलं बाहा कॅलिफोर्निया, तिथं वाळवंट सरळ समुद्रात उतरतं, वरपासून खालपर्यंत जाणारा डांबरी हमरस्ता 1973 ला पुरा झाला, साधारण 1700 किलोमीटरचा, आणि खरी मजा त्याच्यावरून समुद्राकडं फुटलेल्या कच्च्या वाटांवर. आपल्या देशात तसं रूक्ष रान नि समुद्र एकत्र पाहिजे असेल तर कच्छ.

आमचा डबा बेळगावच्या उद्यमबागमध्ये झाला. स्टीलच्या चौकोनी पाइपचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, मधे थर्माकोल. मेस्त्री कन्नड, मी मराठी, दोघंही निम्मं-निम्मं बोलणार, आणि मी कुठल्याही जोडाकडं बोट दाखवलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "एनू आगल्ल सर." काही होत नाही. डबा सुटा ठेवलाय, चॅसिसला चार टर्नबकलनं, म्हणजे फिरवून ताणायच्या आट्याच्या कड्यांनी, आवळलाय, कारण वेल्डिंग मारून कायमचा बसवला की गाडीत बदल केला असं होतं नि मोटार वाहन कायद्याचं 52 कलम आडवं येतं, तसलं काही करायचं असेल तर आधी आरटीओत विचारा, मेस्त्रीला नको.

वजनाचा हिशोब मात्र मेस्त्रीवर सोडला नाही. पाणी, गॅस, गादी, भांडी धरून सगळं पाचशे किलोच्या वर जातं, एक टनाच्या पिकअपला ते चालतं, खरं ते कुठं ठेवलंय त्याच्यावर सगळा खेळ आहे. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, ते मागच्या दाराशी टांगलं तर पुढची चाकं हलकी होतात नि स्टीअरिंग हातात राहत नाही. म्हणून टाकी मागच्या ॲक्सलच्या पुढं नि एकदम तळाला. वरच्या कपाटात फक्त कपडे नि भडंगाचे पुडे.

जाताना कोगनोळी टोल, कोल्हापूर, पुणे, अहमदाबाद, सूरजबारी पूल, सगळा हायवे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मांडवीपर्यंत जवळजवळ 1400 किलोमीटर होतात आणि बेळगावची केए 22 ची पाटी बघून पेट्रोल पंपावर लोक "बेलगाम? मराठा सेंटर?" विचारतात, सैन्याचं केंद्र आहे ना इथं, तेवढंच. मांडवीला रुक्मावतीच्या काठी अजून लाकडी जहाजं बांधतात, ती बघायला थांबलो, बरोबर आलेल्या दाजींना तिथून हलवणं अवघड झालं कारण त्यांचा स्वतःचा लाकडाचा धंदा आहे आणि एकेका फळीची जाडी बोटानं मोजत बसले.

मांडवी सोडून नलिया, जखौकडं निघालं की हळूहळू रस्ता सिंगल पट्टी होतो, आणि हमरस्ता सोडून किनाऱ्याकडं वळलं की मुरूम नि खडी. आणि मग सुरू होतात त्या आडव्या लाटा, पन्हळी पत्रा अंथरल्यासारखा रस्ता. ह्या लाटा पावसानं होत नाहीत, चाकांनीच होतात, सुट्या मुरमावर वेगातलं चाक जरा उडतं, पडतं, पडल्या जागी खड्डा, पुढं उंचवटा, मागची गाडी तिथंच उडते, असं करत करत सगळा रस्ता तसाच होतो. वीसच्या स्पीडनं गेलं की प्रत्येक लाट दातात वाजते. जीपवाली पोरं सांगतात साठ-सत्तरनं हाण, चाक लाटांच्या माथ्यावरूनच जातं, काही कळत नाही. ते खरंय, नुसती जीप असेल तर. खरं त्या स्पीडला टायर निम्मा वेळ हवेत असतो, ब्रेक लागत नाही, वळणाला गाडी सरळ जाते, आणि डोक्यावर पाच क्विंटलचा उंच डबा असेल तर सरळ जाऊन आडवी होते. कच्छच्या किनाऱ्याला पवनचक्क्या उगीच नाही लावल्यात, दुपारनंतर समुद्रावरनं जो वारा सुटतो तो डब्याच्या कुशीवर बसतो.

म्हणून हवा. डांबरी रस्त्यावर मागच्या टायरला मी 55 पीएसआय हवा ठेवतो, खडी लागली की थांबून 40 वर आणतो, पुढचे त्या मानानं कमी. एवढ्यावरच आतली भांडी वाजायची बंद होतात, खोटं वाटेल. किनाऱ्याच्या वाळूत 25. हवा कमी केली की टायर पसरतो असं आपण म्हणतो, खरं रुंदीला थोडाच, जमिनीला टेकलेली पट्टी मुख्यतः लांबीला वाढते, तेच वजन जास्त जागेवर पडतं म्हणून चाक खाली जात नाही. मग मात्र तीस-पस्तीसच्या वर जायचं नाही, टायर तापतो, आणि डांबर लागलं की पहिलं काम कॉम्प्रेसर काढायचं. दाजी कंटाळायचे. "पावणं, रस्ता बघायला आलाय का हवा भरायला?" मी म्हटलं दाजी तुम्ही पाइप धरा.

कमी हवेची दुसरी बाजू म्हणजे काटे. टायरची कुशी फुगून बाहेर येते आणि कच्छमध्ये दोन्ही बाजूला तीच काटेरी बाभूळ, जी आपल्याकडं अथणी-चिकोडी भागात बळ्ळारी जाली म्हणून बांधाबांधाला आहे. तिकडं गांडो बावळ म्हणतात, 1960 च्या सुमारास बन्नीच्या गवताळ रानात वनखात्यानं लावली, खारं रान पुढं सरकू नये म्हणून, मग तीच पसरली. मूळची ती मेक्सिकोच्या बाजूची, म्हणजे बाहावाले आणि आपण काटे एकाच खानदानाचे काढतो. फांदी रस्त्यावर दिसली की उतरून हातानं बाजूला काढायची, चाकाखालून नाही. पंक्चर झालीच, खरं चालीवर, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागावर, कुशीवर नाही, ती जाग्यावर रबराची गुंडी लावून भागते. कुशी फाटली तर स्टेपनीच.

आता खारट खाजणाचं. जखौकडं मिठागरं आहेत, त्यांच्या पलीकडं नुसतं सपाट, पांढरं, बघितलं की वाटतं इथं विमान उतरेल. मोठ्या भरतीला पाणी आत येतं, उन्हानं आटतं, वर मिठाची खपली धरते नि खाली गाळ ओलाच राहतो. दाजींनी टाच मारून बघितली, दोन बोटं कोरडं आणि खाली काळं लोण्यागत मऊ. अशा जागी जुनी चाकोरी सोडायची नाही, जिथं मिठाच्या ट्रका गेल्यात तिथूनच, आणि चाकोरीत पाणी चमकायला लागलं की मागं फिरायचं. फोर बाय फोर इथं काय करतं सांगू? टू व्हीलवाला काठावर रुततो, फोर व्हीलवाला शंभर फूट आत जाऊन रुततो, ट्रॅक्टरवाल्याचा दर दोघांनाही आत बघूनच ठरतो. भरतीची वेळ स्थानिक कोळ्यांना विचारा, आखातात आत कांडल्याकडं तर पाणी सहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, किनाऱ्यावर गाडी लावून झोपायचा विचार असेल तर आधी सुकलेल्या शेवाळाची रेघ कुठंय बघा आणि तिच्या बरंच वर लावा. सरहद्द जवळ आहे, बीएसएफवाले येऊन ओळखपत्र बघतात, डबा उघडून बघतात, शेगडी बघून हसतात. जिथं नको म्हणतील तिथं थांबायचं नाही, वाद घालायचा नाही.

धुळीवर एक उपाय सांगतो, फार कुणी सांगत नाही. गाडी चालताना डब्याच्या मागं हवेची पोकळी होते आणि ती दाराच्या फटीतून धूळ आत ओढते, रबर कितीही लावा. छतावरचं झाकण पुढच्या बाजूला तोंड करून चार बोटं उघडं ठेवलं की वाऱ्यानं आत दाब राहतो, धूळ बाहेरच. आम्ही उघडं ठेवलं त्या दिवशी गादी झटकावी लागली नाही. थंडीत नलिया म्हणजे गुजरातमधलं सगळ्यात गार ठिकाण बहुतेक वेळा, तिथं रात्री हेच झाकण बंद केलं तर आपल्याच श्वासाचं पाणी पत्र्याला धरतं आणि पहाटे नाकावर थेंब.

नारायण सरोवर, कोटेश्वर केलं. पंचसरोवरातलं एक नारायण आणि एक हंपीजवळचं पंपा, आईचं पंपा झालंय, म्हणून बाटलीभर पाणी आणायची ऑर्डर होतीच. लखपतला किल्ल्याची तटबंदी सात किलोमीटरची, आत घरं मोजकी. 1819 च्या भूकंपानं जमीन उचलली, अल्लाबंद म्हणतात तो आपोआप तयार झालेला बांध झाला, सिंधूचं पाणी तुटलं नि बंदर बसलं. तटावर उभं राहून दाजी म्हणाले, आपल्याकडं धरणावरनं भांडायला निदान पाणी तरी आहे. गुरुद्वारात लंगर जेवलो, त्या दिवशी शेगडी पेटवली नाही.

रोज संध्याकाळी एक काम न चुकता, चारी टर्नबकल हातानं बघायचे. त्या लाटांवर दिवसभर गेलं की ड्रायव्हरच्या बाजूचा मागचा हमखास अर्धा आटा सैल. रिव्हेट पण सुटतात, आधी रिव्हेटच्या भोवती काळी बारीक पूड दिसते, ॲल्युमिनियम घासल्याची, ती दिसली की समजायचं दोन दिवसात डोकं उडणार. आणि जिथं ॲल्युमिनियम स्टीलला टेकतं तिथं खारी हवा लागली की पांढरा बुरा धरतो, मधे रबराची पट्टी पाहिजेच. परतताना भुजला गोड्या पाण्यानं गाडी खालून धुतली, वॉशिंगवाला वरून शाम्पू मारत होता, त्याला म्हटलं वर नको बाबा, सगळं पाणी खाली मार, चॅसिसच्या पोकळीत.

बेळगावला आल्यावर डबा परत उद्यमबागला नेला. मागच्या ब्रॅकेटला केसाएवढी चीर गेलेली. मेस्त्रीनं चष्मा वर केला, बॅटरी मारून बघितलं, बोटानं चीर चाचपली. मी वाट बघतोय एनू आगल्लची. तो म्हणाला, "आगेतल्ल सर." झालं की. मग जाड पट्टी नि खाली रबराचा पॅड असं ठरलं, बिल वेगळं लागेल म्हणाला, आणि दाजी तिथंच सुरू झाले की पुढचा डबा लाकडाचा करूया, मांडवीला बघितलंय मी.