काळ्या कडा कापल्या, पण चाक गोल होईना

आधी एक सांगतो. जुनी टेप दुकानात देऊन नुसतं "काळ्या कडा काढून द्या" असं म्हणू नका. मी म्हटलं होतं. महिनाभर हेलपाटे घातल्यावर पेन ड्राइव्ह हातात आला. कडा गेल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर आमच्या अप्पांचा फेटाही गेला होता.

टेप 2003 सालची, शिवजयंतीच्या मिरवणुकीची. बेळगावात चित्ररथ रात्रभर चालतात हे इकडच्या माणसांना सांगायला नको. तेव्हा केबलवाल्याने मिरवणूक थेट दाखवली होती आणि मामाने ती घरी व्हीसीआरवर धरून ठेवली. मारुती गल्लीत आमच्या गल्लीचा ट्रॅक्टर वळतो, त्याच्या मागच्या चाकाला लागून अप्पा चालतायत, भगवा फेटा, हात वर. सगळे मिळून अकरा सेकंद. अप्पांचं चालतं-बोलतं एवढंच काय ते आमच्याकडे आहे. आक्का निपाणीला दिलेली, तिला ते तिच्या टीव्हीवर बघायचं होतं.

दुकानदाराने काय केलं होतं? जुनं चित्र 4:3 चं (रुंदी 4 तर उंची 3), आताचा टीव्ही 16:9 चा. टीव्ही भरून दिसावा म्हणून त्याने चित्र मोठं करून वर-खाली छाटलं. असं केलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो. "टीव्ही भरून दिसतंय की, अजून काय पाहिजे?" असं तो म्हणाला. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. टेप परत घेतली, मामाचा व्हीसीआर उतरवून हेड साफ करून घेतलं, व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडायचं यूएसबीचं कॅप्चर डोंगल आणलं आणि टेप स्वतःच कॉम्प्युटरवर उतरवली. मध्ये दोनदा करंट गेला, एवढीच काय ती अडचण.

कॅप्चर करताना काहीच कापू नका, अख्खं 720 बाय 576 ठिपक्यांचं चित्र घ्या. कापणं नंतर कधीही होतं, कापलेलं परत येत नाही.

आता कडा कुठून येतात ते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका ओळीत खरं चित्र 52 मायक्रोसेकंदांचं असतं. कॉम्प्युटर सेकंदाला 1 कोटी 35 लाख नमुने घेतो, म्हणजे त्या चित्राचे ठिपके होतात 702. पण पकडतो तो 720. उरलेले डावी-उजवीकडे काळे दिसतात. शिवाय अगदी खाली काही ओळी फाटल्यासारख्या वळवळतात. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवर दोन हेड असतात, एकावरून दुसऱ्यावर जाताना तो फाटा पडतो. तो टेपचा दोष नव्हे. जुन्या डब्बा टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे लपायच्या, म्हणून हे कधी दिसलं नाही.

मी आधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरला आपोआप कापायला सांगितलं. तो अख्खी फिल्म बघत नाही, ठिकठिकाणची 10 चित्रं काढून त्यावरून अंदाज करतो. मिरवणूक रात्रीची, मधे जनरेटरच्या दिव्यांचा उजेड आणि कडेला अंधार. अंधारालाच काळी कड समजून त्याने डावीकडची माणसं छाटली. मग एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं, काळ्या कडा शोधणारं क्रॉपडिटेक्ट लावलं. अंधाऱ्या तुकड्यावर लावलं तर जास्त कापतं. अख्ख्या टेपवर लावलं तर जवळपास काहीच कापत नाही, कारण खालच्या वळवळणाऱ्या ओळी काळ्या नसतात, त्यांनाही ते चित्रच समजतं. रात्रीचं रेकॉर्डिंग असेल तर आपोआपच्या नादाला लागू नका. सगळ्यात उजेडाचं चित्र थांबवा (माझ्याकडे शोभेच्या दारूचं होतं), मोठं करा आणि डोळ्यांनी ठिपके मोजा. डावीकडे 6, उजवीकडे 10, वर 4, खाली 12. उरलं 704 बाय 560. मोजायला वीस मिनिटं लागली.

इथवर सगळं सरळ होतं. कापलं, लावलं, आणि अप्पा दिसले. फेटा शाबूत होता. पण चेहरा त्यांचा नव्हता. अप्पांचा चेहरा गोल, भरलेला. इथे गाल आत गेल्यासारखे, मान लांब. आईला दाखवलं तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आजारात असे दिसायचे ते. तेव्हा बरे होते की रे." त्या एका वाक्याने मला झोप लागली नाही. काय चुकलंय तेच कळेना. पुन्हा कापलं, पुन्हा तेच. न कापलेली मूळ फाइल लावली की चेहरा बरोबर, कापली की बारीक. चार रात्री यात गेल्या.

पाचव्या रात्री चेहरा सोडला आणि ट्रॅक्टरचं मागचं चाक धरलं. कॅमेऱ्यासमोर त्याची पूर्ण बाजू येते ते चित्र थांबवलं आणि पोराच्या कंपासमधली पट्टी स्क्रीनला लावली. उभं 12 सेंटीमीटर. आडवं 11. चाक तर गोलच असणार, म्हणजे चित्र दाबलं जात होतं आणि नेमकं किती तेही हातात आलं.

कारण असं. पाल चित्रातला ठिपका चौरस नसतो, तो जरा रुंद असतो, 12 ला 11 या प्रमाणात. 704 ला 12 ने गुणा, 11 ने भागा, 768 येतात, आणि 768 बाय 576 म्हणजेच 4:3. मूळ फाइलवर "हे 4:3 चं आहे" अशी खूण होती, म्हणून प्लेअर ती जवळपास बरोबर ताणून दाखवायचा. मी कापल्यावर ती खूण गेली आणि प्लेअरने ठिपके चौरस धरले. पुन्हा 4:3 ची खूण लावणंही चूक, कारण उंचीतून 16 ओळी गेल्यावर ते चित्र आता 4:3 राहिलेलंच नसतं. खूण ठिपक्याची लावायची, चित्राची नाही: एफएफएमपेगमध्ये ठिपक्याचं प्रमाण सांगणारं सेटसार, 12 भागिले 11. लावली. पट्टी धरली. बारा, बारा. रात्री दीड वाजता आईला उठवलं. ती उठून बसली आणि बघितल्याबरोबर म्हणाली, "हां, हे."

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह घरच्या टीव्हीला लावला तर चाक पुन्हा लांबट. काही टीव्ही ती खूण वाचतच नाहीत. म्हणून शेवटी खुणेवर न विसंबता चित्रच 768 बाय 560 करून टाकलं, ठिपके चौरस. टीव्ही स्वतः चित्र ताणत नसेल तर हे कुठेही लावा, बरोबरच दिसतं.

एक राहिलं. मोठं-लहान करण्याआधी डीइंटरलेस करून घ्या, म्हणजे विणलेल्या ओळी सोडवून वेगळी चित्रं करून घ्या. पालच्या एका चित्रात दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या असतात, तशाच ताणल्या तर हलत्या हाताला कंगव्यासारखे दात येतात. मी त्यासाठी एफएफएमपेगमधलंच बीडब्ल्यूडीआयएफ वापरलं, सेकंदाला 50 चित्रं ठेवून. क्रम असा: डीइंटरलेस, मग कापणं, मग माप. डीइंटरलेस करायचंच नसेल तर वर-खाली चारच्या पटीत कापा, नाहीतर ओळींचा आणि रंगांचा मेळ जातो.

आक्काला फाइल दिली तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "अरे, दोन्ही बाजूंना काळं आहेच की अजून!" ते काळं चित्रातलं नाही, टीव्हीचं आहे. रुंद टीव्हीवर जुनं चित्र ठेवलं की बाजूला जागा उरणारच, ती भरायला गेलं की एकतर माणसं जाडी होतात किंवा फेटे कापले जातात. तिच्या टीव्हीत चित्राचा आकार "फुल"वर, म्हणजे ताणून भरण्यावर होता, तो मी फाइल लावण्याआधीच बदलला होता. तिने अकरा सेकंद तीनदा लावले. चौथ्यांदा लावताना तिने मला चाकाजवळच थांबवायला सांगितलं.