तिसरा खांब

गेल्या महिन्यात एका ऑफिसच्या भिंतीसाठी तलावाचा मोठा फोटो हवा होता, तलाव आणि मागे डोंगर, अगदी स्वच्छ. पहाटे पोचले तर इतकं धुकं की डोंगर सोडा, पाणीसुद्धा दिसेना. सोबतचा असिस्टंट म्हणाला मॅडम परत जाऊया, पण मी म्हटलं थांब, सूर्य वर येईपर्यंत तरी बघू.

थोडं उजाडलं तसे पाण्यात रोवलेले तीन खांब दिसायला लागले, पूर्वी कधीतरी होड्या बांधायचे असणार. पहिला काळाकुट्ट, त्याच्या सालीवरचं शेवाळसुद्धा दिसत होतं. दुसरा राखाडी. आणि तिसरा असा, की बघत राहिलं तर आहे, नजर हलवली की नाही. मी तिथेच ट्रायपॉड लावला आणि डोंगर विसरले.

पहिला फ्रेम मळकट आला, जुन्या पांढऱ्या चादरीसारखा. हे व्हायचंच, कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगावर आणायला बघतं, त्याला काय माहीत की समोर खरंच पांढरं आहे. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन एक स्टॉप वर नेलं, म्हणजे उजेड दुप्पट घेतला, मग धुकं धुक्यासारखं दिसलं. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, मध्यापासून थोडा उजवीकडे, पण उजव्या कडेला चिकटलेला नको, कारण तिथे गेलं की धुक्यातले बारीक उतार-चढाव कायमचे जातात. ऑटोफोकस नुसता पुढेमागे फिरत होता, त्याला धरायला काही मिळेना, म्हणून मागच्या स्क्रीनवरचा लाइव्ह व्ह्यू मोठा करून पहिल्या खांबाच्या कडेवर हाताने फोकस केला. लेन्स १३५ एमएमच्या आसपास ठेवली, वाइडने (कमी एमएमला) खांब दूर दूर आणि बारीक दिसत होते, लाँगने ते जवळ आले आणि तिघांमधला फरक एका नजरेत कळायला लागला. काचेवर सारखे बारीक थेंब बसत होते, पुसायला विसरले ते सगळे फ्रेम मधोमध पुसट निघाले, चांगला उजेड होता नेमका तेव्हाचेच 😔

संध्याकाळी एडिटला बसले आणि क्लायंटला स्वच्छ हवंय हे डोक्यात असल्यामुळे डिहेझचा, म्हणजे धुकं कमी करणारा, स्लायडर ४० पर्यंत ओढला. तिसरा खांब खटकन पुढे आला, पहिल्याइतकाच काळा. कडांना पांढरी झालर, आकाशात निळसर दाणेदार नॉइज आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक ठिपका समोर. पण मला खुपलं ते वेगळंच, फोटो सपाट झाला होता. अंतर कळत होतं ते खांब फिके होत गेल्यामुळेच आणि तेच मी पुसलं होतं.

सगळं रिसेट केलं. मास्क लावून फक्त पहिल्या खांबाचा काळा थोडा खाली नेला, शेवाळावर किंचित टेक्स्चर दिलं, दुसऱ्याला हात लावला नाही आणि तिसऱ्याभोवती डिहेझ उलटा, उणे ८. व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे रंगछटा जुळवताना, निळा पूर्ण काढला नाही, पहाट होती ती, दुपार नव्हती.

मग जेपेग काढली तर आकाशात पट्टे! रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ फाइल, १४ बिटची असल्याने एका चॅनलला (लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाला) उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये फक्त २५६, आणि धुक्यातला इतका हळू बदलणारा पांढरा त्या २५६ मध्ये मावत नाही. थोडं ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, टाकलं आणि प्रिंटला जास्त पायऱ्यांची १६ बिट टिफ फाइल पाठवली, पट्टे गेले.

डोंगरवाला फोटो नाही हे क्लायंटना आधीच फोनवर सांगितलं होतं. प्रिंट लागल्यावर ते बराच वेळ समोर उभे राहिले, मग दोन पावलं पुढे जाऊन उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "इथे अजून एक आहे का हो?"