तुम्ही विचारलंत म्हणून: ते वचन आपलं आहे का?

भुसावळ-जळगावकडच्या मंडळ्यांत मी बायबल अभ्यास घेतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. जानेवारीत जरा जास्तच, कारण एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत प्रत्येकाने डब्यातून वचनाचं कार्ड उचललेलं असतं. नाहीतर मे-जूनमध्ये, रावेर-यावलकडे वादळाने केळीचे बाग आडवे झाले की. ‘‘सर, हे वचन देवाने त्या काळच्या लोकांना दिलं होतं. आम्ही आज त्यावर हक्क सांगू शकतो का?’’

वचन बहुतेक वेळा एकच असतं, यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव म्हणतो. घरोघरच्या कॅलेंडरवर आणि लग्नपत्रिकांवर ही ओवी असते. तिच्या आधीच्या दहा ओव्या कुणी छापत नाही.

तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमहून राजा यखन्या, राजमाता, दरबारी आणि सुतार-लोहारांसारखे कामाचे लोक उचलून बाबेलला नेले. त्यांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलं, आणि ज्यांच्या हाती पत्र दिलं त्यांची नावंसुद्धा दिली आहेत: शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या. मजकूर काय, तर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं लावा. थोडक्यात, एवढ्यात परत यायचं मनात आणू नका. दहाव्या ओवीत तर मुदतच आहे, सत्तर वर्षं. ती कुठून मोजायची यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतली ती ५३९ मध्ये. पत्र ऐकणारा तिशीतला माणूस तोवर जगला असता, तर नव्वदीला टेकला असता. ‘हिताचे संकल्प’ ज्यांना पहिल्यांदा वाचून दाखवले, त्यांतले बहुतेक बाबेलच्याच मातीत गेले.

अमळनेरच्या एका मावशींना हे मी वाचून दाखवत होतो. त्यांचा मुलगा सुरतेला लूमवर कामाला आहे, आपल्याकडची कितीतरी पोरं असतात तसा. तो गावी परत येईल म्हणून त्यांनी हे वचन धरून ठेवलं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘भाऊ, मंग हाई वचन मन्हं शे का नही?’’ म्हटलं, आहे, पण सातव्या ओवीसकट. त्या ओवीत देव सांगतो, ज्या नगरात मी तुम्हाला नेलं त्याचं हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे ज्यांनी उचलून नेलं त्यांच्याच गावासाठी. मावशी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘त्याना शेठनं नाव काय शे, ते इचारी लेस.’’

लवकर सुटका सांगणाराही एक होता बरं का. आदल्याच अध्यायातला हनन्या. बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. हनन्याने ते सगळ्यांसमोर मोडलं आणि दोन वर्षांचा वायदा केला. तो त्याच वर्षी वारला. कन्व्हेन्शनच्या, म्हणजे मोठ्या ख्रिस्ती सभांच्या मांडवात माइक हातात धरून ‘क्लेम करा, क्लेम करा’ म्हणणाऱ्यांचं बोलणं मला यिर्मयापेक्षा हनन्याच्या जवळचं वाटतं. कुणाला राग येईल, येऊ दे.

कारण त्याची भरपाई कोण करतं ते मी पाहिलंय. एका घरात आई कॅन्सरने गेली. तिच्या उशाशी, देव संकटातून राखील असं सांगणारं स्तोत्र ९१ मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं, घरातले सगळे रोज ते म्हणायचे. भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी, हातात चहाचा कप असताना, तिच्या मुलीला सांगितलं की कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. हेच स्तोत्र शुभवर्तमानात कोणाच्या तोंडी आहे ते मत्तय ४ मध्ये बघा. मंदिराच्या टोकावर उभं करून सैतान येशूला म्हणतो, घे उडी, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंय ना! लिहिलेलं खोटं नव्हतं, आणि येशूहून त्यावर कोणाचा जास्त हक्क असणार? त्याने उडी घेतली नाही.

मग काही शिकलेले लोक दुसऱ्या टोकाला जातात. ते सगळं इस्राएलासाठी होतं, आपला संबंध नाही, विषय संपला. हेही मला पटत नाही. पौल गलतीकरांना लिहितो की तुम्ही ख्रिस्ताचे आहात तर अब्राहामाचं संतान आहात, आणि वचनाप्रमाणे वारस आहात. वारस म्हणजे काय हे खान्देशात कुणाला शिकवायला नको. तलाठ्याकडे जाऊन ‘हे शेत माझं’ म्हणून भागत नाही, कोणाचे वारस ते दाखवावं लागतं. आणि सातबाऱ्यावर नाव लागलं की शेताबरोबर ‘इतर हक्कां’तला सोसायटीच्या कर्जाचा बोजाही अंगावर येतो. आपलं नाव लागतं ते ख्रिस्तामार्फत. देवाच्या सगळ्या वचनांना ‘होय’ त्याच्या ठायी आहे, हे २ करिंथ १:२० मध्ये आहे. त्याच्यामार्फत घ्यायचं, तर त्याचा वधस्तंभ वगळून घेता येत नाही.

इब्री लोकांस पत्र लिहिणारा हे कसं करतो ते पाहण्यासारखं आहे. यार्देन ओलांडून कनान देशात जाण्याआधी देव इस्राएलाचा पुढारी यहोशवा याला म्हणाला होता, मी तुला सोडणार नाही. हा लेखक ते शब्द बिनधास्त उचलतो आणि द्रव्यलोभापासून दूर राहा, असं सांगताना आपल्या वाचकांना देतो (१३:५). कनान देश मात्र देत नाही. देवाची सोबत त्यांच्यापर्यंत आली, जमिनीचा तुकडा आला नाही. जुनं वचन हाती घेताना मी तरी हीच रीत धरतो.

पाऊस लांबला की २ इतिहास ७:१४ निघतं: माझे लोक नम्र होऊन प्रार्थना करतील तर मी त्यांचा देश बरा करीन. हे देवाने शलमोनाला मंदिराच्या अर्पणानंतर रात्री दर्शन देऊन सांगितलं. आदल्या ओवीत पाऊस कोंडणं, टोळ, मरी आहेत, म्हणजे बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातल्या कराराचीच भाषा: आज्ञा पाळल्या तर पाऊस, मोडल्या तर दुष्काळ. ती जशीच्या तशी चोपडा-शिरपूरच्या शिवाराला लावली, तर ज्याची कपाशी जळाली तो शेजारी पापी ठरतो. येशू तर म्हणतो, पाऊस नीतिमानांवर पडतो तसा अनीतिमानांवरही पडतो. पावसासाठी प्रार्थना करा ना, मीही करतो. कराराचा कागद पुढे करून नको.

नवापूर-धडगावकडच्या मावची, पावरा आदिवासी भावंडांना मात्र मी उत्पत्ती १२:३ काही अट न घालता सांगतो. अब्राहामाच्या द्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वाद पावतील, हे त्याला अगदी पहिल्या बोलावण्यातच सांगितलं होतं. तिथे सातपुड्यातली कुळं पहिल्यापासून धरलेली आहेत.

ज्यांना हे पटलं नाही त्यांनी रविवारी उपासनेनंतर थांबावं, वाद घालू. फक्त येताना आख्खं बायबल आणा. मोबाइलच्या स्टेटसवरची एकटी ओवी चालणार नाही.