जिऑलॉजी घ्यायचं कसं ठरलं

बारावीचा निकाल लागला आणि घरात दोनच नावं सुरू झाली, फार्मसी नाहीतर इंजिनिअरिंग. मी बी.एस्सी. जिऑलॉजी म्हटल्यावर आण्णांनी एकच विचारलं, "त्याला स्कोप काय?" प्रश्न रास्त होता. फी डाळिंबाच्या बागेतनंच निघायची होती.

आमचं गाव जत तालुक्यात. इथं बोअर मारायची तर आधी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा धरून रानातनं चालतो, नारळ उभा राहिला की तिथं खूण करायची. आमच्या बोअरला वरचा मुरूम गेला, मग मांजऱ्या म्हणजे बारीक भोकांचा खडक लागला, त्याखाली काळा पाषाण आणि मग नुसता फुफाटा. पैसे मात्र फुटावर मोजावे लागले. अखंड काळ्या पाषाणात पाणी साठायला जागाच नसते. ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत मुरतं. हे शिकलेली माणसं आमच्या तालुक्यात हवीत, असं मला तेव्हापासून वाटतं. पण आण्णांना एवढ्यानं पटणार नव्हतं.

पाहुण्यांना विचारावं तर ते म्हणायचे, "दगडं फोडत बसणार का?" मग मी माणसांना विचारायचं सोडलं आणि भरतीच्या जाहिराती वाचायला घेतल्या. पगाराच्या आधी 'शैक्षणिक अर्हता' वाचायची. केंद्रीय लोकसेवा आयोग भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा घेतो. १८५१ साली सुरू झालेलं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ, दोन्हीकडची पदं त्यातनं भरतात. पण त्यासाठी एम.एस्सी. लागते. प्रवेशाच्या माहितीपत्रकात हे कुठंच नव्हतं, आणि निर्णय खरा यावरच ठरणार होता. म्हणजे हिशेब तीन वर्षांचा नाही, पाच वर्षांचा मांडायला हवा.

तसाच मांडून आण्णांपुढं ठेवला. एम.एस्सी.ला आयआयटीत जायचं तर जॅम परीक्षेत जिऑलॉजीचा स्वतंत्र पेपर असतो. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. काहीच जमलं नाही तरी राज्यसेवेला आणि बँकेच्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते, त्यामुळं फार्मसी सोडली म्हणून ते दार बंद होत नाही. आण्णांना सगळ्यात जास्त पटलं ते कराडचं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप त्यांनी आजीकडून ऐकलेला. त्याच भागात भूकंपाचा अभ्यास करायला जमिनीत ३ किलोमीटर खोल बोअर घेतली आहे आणि त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडला आहे, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे कामं आपल्या भागातसुद्धा आहेत की."

त्यांनी एकच अट घातली, एम.एस्सी. पुरी केल्याशिवाय मधेच सोडायचं नाही. मी आता शेवटच्या वर्षाला आहे आणि जॅमची तयारी करतेय. या विषयाकडं वळणाऱ्यांनी घरी बोलायच्या आधी त्या जाहिराती एकदा नीट वाचाव्यात, एवढंच मी आग्रहानं सांगेन.