अकोल्याच्या पोरीला ऊन काय शिकवता

जुलैत स्पेनमधल्या सेव्हिलला चाललोय म्हटल्यावर जो तो घाबरवायला लागला, अगं तिकडे ४० च्या वर जातं, वेड लागलंय का, आणि मी आपली प्रत्येकाला एकच उत्तर देत होते की बाबांनो मी अकोल्याची आहे. मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत सायकलवर क्लासला गेलेली पोरगी मी, मला काय युरोपातलं ऊन दाखवता. नवरा पुण्याचा, त्याला ३८ झालं की बातमी वाटते, त्यामुळे तो गप्प होता. त्याचं माद्रिदला ऑफिसचं काम होतं, मागे तीन दिवस सुट्टी जोडली आणि यावेळी आईलाही सोबत घेतलं. तिचा पहिलाच परदेश, आणि तिच्या बॅगेत एक सुती ओढणी, दोन पंचे आणि एक कांदा होता. ऊन लागू नये म्हणून कांदा! कस्टमवाल्याने बघितला असता तर काय सांगितलं असतं देव जाणे, पण कोणी बघितला नाही.

माद्रिदहून ट्रेनने अडीच तासात सेव्हिल येतं. तिथले लोक सेविया म्हणतात. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि तोंडावर जो भपका आला तो इतका ओळखीचा होता की आई म्हणाली, "बाप्पा, हे तं अकोलाच हाय." घाम नाही, चिकचिक नाही, कोरडी झळ. मला तर माहेरी आल्यासारखंच वाटलं. इथेच माझं चुकलं.

तर पहिल्या दिवशी माझा प्लॅन सरळ होता, आपला अकोला प्लॅन. सकाळी लवकर फिरायचं, बारा ते साडेचार खोलीत पडायचं, पाच वाजता ऊन उतरलं की बाहेर. सकाळ मस्तच गेली. आठ-साडेआठला निघालो तर रस्ते नुकतेच पाण्याने धुतलेले, सडा घातलेल्या अंगणासारखा वास. सांता क्रूझ नावाचा जुना भाग आहे, एकेकाळी ज्यूंची वस्ती होती तिथे, त्यातल्या काही गल्ल्या एवढ्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. आधी वाटलं जागा नसेल म्हणून, पण मग लक्षात आलं की ऊन गल्लीच्या तळापर्यंत पोचतच नाही. आणि जिथे रस्ता जरा रुंद, सिएर्पेस नावाचा बाजाराचा रस्ता आहे, तिथे दोन्हीकडच्या इमारतींच्या मधे वर कापडं ताणलेली, तोल्दो म्हणतात त्यांना. पूर्ण रस्त्याला मांडव! दर उन्हाळ्यात बांधतात. आमच्याकडे रस्ता रुंद करायचा म्हटलं की आधी कडुनिंबावर कुऱ्हाड चालते, असो, तो विषय वेगळा.

हिराल्दाचा किस्सा सांगायलाच पाहिजे. कॅथेड्रलचा हा उंच मनोरा, शंभर मीटरच्या वर. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला खालीच बसवायचं ठरलेलं. पण हा मनोरा मूळचा बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार, मशीद पाडून कॅथेड्रल बांधलं तरी मिनार ठेवला आणि वर घंटा चढवल्या, आणि त्याला आत जिनाच नाही. उतार आहेत, एकूण ३५, गोल गोल वर जाणारे, म्हणजे अजान द्यायला जाणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून. पायऱ्या फक्त शेवटी थोड्याशा. आई प्रत्येक वळणाच्या खिडकीत वारा खात खात माझ्याआधी वर पोचली आणि नवऱ्याला म्हणाली, "जावईबापू, तुम्ही घोडा आणाले पाह्यजे होता." खाली कोलंबसची कबर आहे, स्पेनच्या चार राज्यांचे चार पुतळे खांद्यावर पेटी घेऊन उभे आहेत अशी, ती आम्ही दोन मिनिटांत बघितली. पण संत्र्याच्या झाडांच्या अंगणात अर्धा तास बसलो कारण आईचं माहेर वरुडचं, संत्र्याच्या झाडाखालून ती अशी उठत नाही. झाडं बारकी, ओळीत लावलेली, एका झाडाच्या बुडापासून दुसऱ्याच्या बुडापर्यंत विटांचे पाण्याचे पाट. फळं हिरवी कच्च होती, पिकतात हिवाळ्यात, आणि पिकली तरी कडूच, इंग्रज त्याचा मार्मालेड करतात. स्पॅनिशमधे संत्र्याला नारांखा म्हणतात, आपल्या संस्कृतातल्या नारंगपासून फारसी, अरबी असं फिरत फिरत तिकडे गेलेला शब्द. आईला सांगितलं तर तिने फक्त "हं" केलं आणि पाट किती खोल आहे ते बोटाने मोजलं.

दुपारी खोलीवर. खोलीतला एसी २४ च्या खाली यायला तयार नव्हता, त्यावर माझी चिडचिड चालू होती, तेवढ्यात आईने खिडकीवरची ती पट्ट्यांची झडप दोरी ओढून अगदी खालपर्यंत सोडली, अंधार गुडुप्प, आणि ओला पंचा खुर्चीच्या पाठीवर टाकून ती झोपली पण. समोरच्या सगळ्या घरांच्या झडपा तशाच खाली होत्या, तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि पाच वाजता मी सगळ्यांना उठवलं. चला, ऊन उतरलं असेल. प्लाझा दे एस्पान्या बघायचं होतं, १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला तो अर्धगोल महाल, फोटोत सगळ्यांनी बघितलाय. रस्ते रिकामे. मला वाटलं वा, गर्दी नाही. बरीच छोटी दुकानं अजून बंद. कोपऱ्यावर औषधाच्या दुकानाची हिरवी क्रॉसची पाटी असते तिकडे, तिच्यावर आलटून पालटून वेळ आणि तापमान येतं. १७:३५. मग ४३. मी थांबून परत बघितलं, परत ४३. म्हटलं पाटी उन्हात तापली असेल.

प्लाझाच्या मधे मोठं मोकळं मैदान आहे, फरशीचं. खालून आच, वरून आच, मधे आम्ही. स्पेनच्या प्रांतांची रंगीत टाइल्सची बाकं आहेत कडेने, इतकी सुंदर, मी एकावर फोटोसाठी बसले आणि तव्यावर बसल्यासारखी उठले. मोबाईलने गरम झालोय म्हणून कॅमेराच बंद केला. आणि मग डोळ्यापुढे बारीक बारीक काजवे. मला! अकोल्याच्या पोरीला! नवऱ्याने धरून कमानींच्या सावलीत नेलं आणि आईने मुकाट्याने ओढणी ओली करून माझ्या डोक्यावर टाकली, वर कांदा पर्समधून काढून हातात दिला. तेव्हा तो हुंगताना मला कसलीही लाज वाटली नाही हे इथे नोंदवते.

"पाच वाजले म्हणून निघालो ना आपण," मी म्हटलं.

"घड्याळात वाजले. तुही सावली पाह्य ना, तुह्या अंगाएवढी तरी हाय काय?"

नव्हती. थोडी तोकडीच भरली असती. मग रात्री नवऱ्याने फोनवर शोधून काढलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सेव्हिल नकाशावर लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण घड्याळ पोलंड-जर्मनीचं लावतात. १९४० मधे फ्रँकोच्या राजवटीत काटे एक तास पुढे केले ते परत मागे घेतलेच नाहीत, त्यात उन्हाळ्यात बहुतेक युरोपासारखा आणखी एक तास पुढे. म्हणजे जुलैत सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी अडीच वाजता! अकोल्यात साडेबाराला. तर मी ज्याला साडेपाच समजून ऐटीत निघाले होते ते सूर्याच्या हिशोबाने आपले दुपारचे साडेतीन होते. आणि मेच्या साडेतीनला अकोल्यात कोणी फरशीच्या मैदानावर फोटो काढायला जात नाही, मी पण नाही. तिथलं ऊन खरं पेटतं ते संध्याकाळी पाच-सहाला, सूर्य मावळतो पावणेदहाला. मला ऊन माहीत होतं, घड्याळ माहीत नव्हतं.

मग आम्ही त्यांच्यासारखे वागायला लागलो. जेवण दुपारी तीनला, त्यानंतर झडप खाली, आणि बाहेर थेट साडेआठ-नऊला. गझपाचो म्हणजे टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण सगळं कच्चं वाटून थंडगार, आईने त्याला "सार, पण फोडणी विसरलेलं" म्हटलं आणि दोन ग्लास प्यायली. सालमोरेखो त्याच्याच जातीतलं, दाट, पण त्यावर डुकराचं मांस आणि अंडं भुरभुरतात, तर शाकाहारींनो ऑर्डर देतानाच सांगा. खरी जिंकली ती पालक आणि छोल्यांची भाजी, तिथली जुनी भाजी आहे, लसूण आणि चक्क जिरं घातलेली. आई जिऱ्याचा वास ओळखून वाटीकडे इतकं प्रेमाने बघत होती की मी दुसरी मागवली.

उष्णतेच्या लाटांना तिथे नावं पण दिलीत बरं का. २०२२ च्या जुलैत जी लाट आली तिला झोई नाव दिलं, उष्णतेच्या लाटेला नाव ठेवायची ती जगातली पहिलीच वेळ. वादळांशी घोळ नको म्हणून वर्णमाला उलटी, शेवटच्या अक्षरापासून. झोई, मग यागो.

दुसऱ्या दिवशी अल्काझार. राजवाडा आहे, त्यातला मुख्य भाग चौदाव्या शतकात पेद्रो नावाच्या ख्रिश्चन राजाने मुसलमान कारागिरांकडून बांधून घेतलेला, भिंतींवर अरबीत मजकूर. त्याबद्दल लिहीन कधीतरी, पण मनात राहिलं ते तळघर. एका अंगणाच्या खाली पावसाचं पाणी साठवायची लांबच लांब टाकी आहे, वर कमानी, टोकापर्यंत हिरवट निश्चल पाणी, आणि तिथे शिरलं की अंगावर गारवा येतो तो एसीचा नाही, बारवेचा. राजाची प्रेयसी इथे आंघोळ करायची अशी गोष्ट सांगतात. आई कठड्याला टेकली आणि दहा मिनिटं एक शब्द बोलली नाही.

शेवटच्या संध्याकाळी पूल ओलांडून त्रियानाला गेलो, कुंभारांचा जुना भाग. तिथे एका दुकानात मातीचा बोतिखो होता, आपला माठच, पण वर पकडायला कडी, एका बाजूला पाणी भरायचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला बारीक तोटी. ती तोटी तोंडाला लावायची नाही, हात उंच करून धार घ्यायची. चकाकी न दिलेली माती, म्हणजे पाझरून पाणी थंड. आईने बोटाने वाजवून बघितला, कानाशी धरला, आणि दुकानदाराने सांगितलेल्या किमतीचा निम्मा आकडा मराठीत सांगितला. त्याने हसून मान हलवली. तीनदा. मग पूर्ण किमतीत घेतला आणि विमानात मांडीवर घेऊन आली.

आता तो अकोल्याला ओट्यावर माठाच्या शेजारी असतो. गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं पाणी थंड होतं का, तर म्हणाली होते, पण धार काही जमत नाही, रोज एक ब्लाऊज भिजते.