आमची वाटचाल : वाट्याची भाजी

हमाली, तोलाई, आडत (आडत्याची दलाली) आणि गाडीभाडं कापून मेथीच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, काय उरायचं, हे पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात माल लावलेल्यांना सांगायला नको. 2016 च्या जुलैत सरकारनं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक दिली, आणि आम्ही पुरंदरातून थेट पुण्यात घरोघरी भाजी द्यायला लागलो. हंगामाचे पैसे आगाऊ घ्यायचे, दर आठवड्याला रानात निघेल त्याचा वाटा द्यायचा. पावसाळ्यात वाटाणा, थंडीत पावटा-मेथी, उन्हाळ्यात गवार-भेंडी. 'हे नको, ते द्या' चालायचं नाही.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. सांगायचंय ते एका उन्हाळ्याचं.

शहरातल्या एका कंपनीनं, नाव घेत नाही, आमचीच पद्धत उचलली. खोक्यावर शेताचं चित्र, माल मात्र पहाटे मार्केट यार्डातून भरलेला. धुतलेला, चकचकीत, वर पहिला महिना निम्म्या दरात. आमच्या बिटाला माती! निम्म्याहून जास्त वाटेकरी गेले, ते गेले, वर 'तुमची भाजी दोन दिवसांत सडते' असं ऐकवून गेले. रानात भेंडी जून होत होती, तोडणीची मजुरीसुद्धा सुटेना. छोट्या हत्तीचे, म्हणजे भाजीच्या टेम्पोचे, हप्ते थकले. दीर म्हणाले, "वहिनी, पुन्हा आडतीलाच लावू."

कोथरूडच्या एक काकू तेवढ्या हलल्या नाहीत. त्यांचा फोन आला, "अगं, माझी शेजारीण सगळं धुऊन ओलंच प्लॅस्टिकमध्ये कोंबते. सडेल नाही तर काय?" काकू निवृत्त शिक्षिका. त्यांनी फुलस्केपवर टिपण लिहून दिलं, आम्ही झेरॉक्स काढून प्रत्येक क्रेटमध्ये टाकलं. आजही टाकतो. त्यात लिहिलंय:

मुळा, बीट, गाजर यांचा पाला घरी आल्याआल्या कापा, तो कंदातलं पाणी ओढतो. कंद मातीसकट ठेवा, धुवायचे ते चिरताना. मुळ्याचा पाला फेकू नका, मूगडाळ घालून त्याच दिवशी परता. पालेभाजी न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये. वांगी, टोमॅटो, रताळी फ्रीजबाहेर. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, आणि बटाट्यांवर उजेड नको, हिरवे पडतात. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी होते, हे सासूबाईंना विचारलंत तरी कळेल.

त्याच उन्हाळ्यात शेडजवळ थंड कोठी बांधली. विटांच्या दुहेरी भिंती, मधल्या तीन इंचांत वाळू, वर ओलं गोणपाट. रचना दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेची. विजेचं बिल शून्य, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं एवढंच. पहाटे काढलेली कोथिंबीर दुपारी मान टाकायची, ते थांबलं. कोठी सावलीत आणि वाऱ्याच्या तोंडाला बांधा. गवंडी मोकळ्या उन्हात बांधायला निघतो, त्याचं ऐकू नका.

ती कंपनी पुढे बंद पडली. गेलेले बरेच जण परत आले, काहींनी सूट मागितली. दिली नाही.

पितृपक्षात गवारीचा भाव कडाडला की वाटा नसलेल्यांचेही फोन येतात. वाटेकऱ्यांच्या वाट्याचं वजन झाल्याशिवाय त्या आठवड्यात आम्ही कुणालाच गवार देत नाही. काकूंची पिशवी आधी भरते. एखादी शेंग जून निघाली तर संध्याकाळी फोन ठरलेला.